बगदाद रेल्वे, पंधरा हजार रुपये आणि कुवेतची सीमा

बुबियान बेटावर कुवेत ‘मुबारक अल-कबीर’ नावाचे बंदर बांधत आहे. समोर फावच्या किनाऱ्यावर इराकही आपले मोठे बंदर उभारतो आहे. या दोहोंच्या मध्ये खोर अब्दुल्ला ही चिंचोळी खाडी आहे. तिच्यातील जहाज वाहतुकीविषयी दोन्ही देशांनी २०१२ साली करार केला होता. त्याला मान्यता देणारा कायदा इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि जुने भांडण पुन्हा वर आले. कुवेतचा जुना राज्यकर्ता शेख मुबारक याचे नाव बंदराला दिले आहे; त्याच्याच कारकिर्दीत हे सीमेचे भांडण सुरू झाले. त्यात त्या काळच्या चार साम्राज्यांचा हात होता.

मुळाशी जायचे तर मुंबईपासून सुरुवात करावी लागते. एकोणिसाव्या शतकातला बराच काळ आखातातले इंग्रजी राजकारण मुंबई सरकारच्या हाती होते. १८१९ साली रास अल-खैमावर चालून गेलेले आरमार मुंबईचे होते. ‘चाचेगिरीचा बंदोबस्त’ असे इंग्रजांनी त्या मोहिमेला म्हटले. तिथल्या सत्ताधारी अल-कासिमी घराण्याच्या बाजूने पाहिले तर ते आपल्या समुद्रातल्या व्यापारासाठी लढत होते. १८२० चा तह आणि १८५३ चा कायमचा सागरी शस्त्रसंधी यांतून त्या किनाऱ्यावरचे शेख एकेक करून इंग्रजांशी बांधले गेले. इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसणारा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार होता, पुढे हिंदुस्थान सरकारला. १८६२ नंतर टपालाच्या आगबोटी मुंबईहून बसऱ्यापर्यंत नियमित जाऊ लागल्या. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात यायचे, तिकडे तांदूळ, कापड आणि बोटी बांधायचे लाकूड जायचे. बाजारात रुपया चालायचा. लंडनच्या परराष्ट्र खात्याला आखात हा नकाशावरचा एक कोपरा होता. मुंबईच्या पेढ्यांना मात्र तो रोजच्या उलाढालीचा भाग होता.

१८९२ मध्ये सागरी तहांतल्या शेखांकडून आणि बहरीनकडून आणखी एक कागद लिहून घेतला गेला. इंग्रजांखेरीज कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, कोणाला जमीन विकायची, गहाण टाकायची वा राहायला द्यायची नाही. वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाचे हात कसे बांधले हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा मसुदा लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की इथे तैनाती फौज नव्हती. समुद्रात अधूनमधून दिसणारी गनबोट पुरेशी होती.

कुवेत या यादीत नव्हते. तिथल्या शेखांच्या बोटींवर तुर्की निशाण असे, आणि १८७१ मध्ये बगदादचा तुर्की सुभेदार मिधत पाशाने अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरील अल-हसावर स्वारी केली तेव्हा कुवेतने त्याला बोटी दिल्या. त्याच सुमारास शेखाला ‘कायमकाम’ (जिल्ह्याचा कारभारी) हा तुर्की हुद्दा मिळाला. शिवाय कुवेतच्या सत्ताधारी सबाह घराण्याच्या खजुराच्या बागा शत्त अल-अरब नदीच्या काठी, म्हणजे उघडउघड तुर्की हद्दीत होत्या. इस्तंबूलशी वैर घेणे त्यांना परवडणारे नव्हते. कर मात्र ते देत नसत आणि तुर्की शिबंदीही गावात येऊ देत नसत.

मे १८९६ मध्ये मुबारकने आपल्या दोन सावत्र भावांना ठार करून सत्ता घेतली. पुतणे बसऱ्याला पळाले आणि तिथून तुर्कांकडे दाद मागू लागले. मुबारकने दोन्हीकडे दरवाजे ठोठावले. १८९७ मध्ये त्याने इंग्रजांकडे संरक्षण मागितले, ते नाकारले गेले. त्याच वर्षी तुर्कांकडून त्याने कायमकामीची सनद मिळवली. हा माणूस इंग्रजांच्या हातचे बाहुले होता, असे अनेकदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. दोन साम्राज्यांच्या मध्ये उभे राहून दोघांकडून काय काय काढता येते, हे त्याला नेमके कळत होते.

इंग्रजांचा नकार दीड वर्षात होकारात बदलला, तो रेल्वेमुळे. १८९८ च्या अखेरीस काउंट कापनिस्ट या रशियन उमरावाने भूमध्य समुद्रावरील त्रिपोलीपासून कुवेतपर्यंत लोहमार्ग बांधण्याची परवानगी इस्तंबूलकडे मागितली. जानेवारी १८९९ मध्ये कर्झन व्हाइसरॉय झाला. आखातात रशियाला बंदर मिळू द्यायचे नाही हा त्याचा जुना आग्रह. २३ जानेवारी १८९९ रोजी रेसिडेंट कर्नल मीड याने कुवेतमध्ये मुबारककडून करार लिहून घेतला. इंग्रजांच्या परवानगीशिवाय परक्या सत्तेचा वकील ठेवायचा नाही, आणि जमिनीचा तुकडाही विकायचा, भाड्याने द्यायचा किंवा गहाण टाकायचा नाही. बदल्यात सदिच्छेचे आश्वासन आणि पंधरा हजार रुपये. पैसे बुशहर रेसिडेन्सीच्या तिजोरीतून द्यायचे होते, आणि ती रेसिडेन्सी हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीतली. करार गुप्त ठेवण्यात आला, कारण सुलतानाशी उघड भांडण लंडनला नको होते.

कापनिस्टची योजना बारगळली. पण १८९९ च्याच शेवटी जर्मनांना बगदादपर्यंतच्या रेल्वेची प्राथमिक सवलत मिळाली. जानेवारी १९०० मध्ये इस्तंबूलचा जर्मन कॉन्सल जनरल श्टेमरिख पाहणी पथक घेऊन कुवेतला आला आणि खाडीच्या टोकाला, काझिमाच्या बाजूला, शेवटच्या स्थानकासाठी जागा मागू लागला. मुबारकने नकार दिला. नकाराचे खरे कारण गुप्त करारात होते आणि ते पाहुण्यांना सांगण्याजोगे नव्हते.

मार्च १९०१ मध्ये सारीफच्या लढाईत मध्य अरबस्तानचा अमीर इब्न रशीद याने मुबारकचा जबर पराभव केला. ऑगस्टमध्ये ‘झुहाफ’ हे तुर्की जहाज कुवेतपुढे आले, तर ‘पर्सियस’ या इंग्रजी युद्धनौकेने त्याला सैन्य उतरवू दिले नाही. सप्टेंबरमध्ये दोन्ही सरकारांनी ‘जैसे थे’ मान्य केले. पुढच्याच वर्षी तुर्कांनी उम्म कसर, सफवान आणि बुबियान बेटावर चौक्या बसवल्या. रेल्वे कुवेतला पोहोचू शकत नसेल तर शेजारच्या खाडीत उतरवू, हा त्यामागचा हिशेब. आज जिथे दोन बंदरे समोरासमोर उभी राहत आहेत, तीच ही जागा. मे १९०३ मध्ये परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउनने लॉर्ड्स सभागृहात जाहीर केले की आखातात दुसऱ्या सत्तेने नाविक तळ उभारला तर इंग्लंड सर्व शक्तीनिशी विरोध करील. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्झन स्वतः आरमार घेऊन आखातभर फिरला.

या सगळ्यात प्रत्यक्ष जर्मन व्यापार किती होता? रॉबर्ट व्होंकहाउस नावाचा तरुण १८९७ साली इराणच्या लिंगा बंदरात आला आणि शिंपल्यांचा व्यापार करू लागला. हळूहळू त्याने बहरीन, बसरा, बुशहर अशा शाखा काढल्या. १९०६ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आगबोटी आखातात येऊ लागल्या, त्यांची एजन्सीही त्याच्याकडेच. स्पर्धेमुळे मालाची भाडी उतरली. स्थानिक व्यापाऱ्यांना ते हवेच होते, इंग्रज कंपन्यांना अर्थातच नको होते. त्याच वर्षी त्याने अबू मुसा बेटावरच्या लाल गेरूच्या खाणीचा हक्क आधीच्या मक्तेदारांकडून विकत घेतला. हा गेरू रंगासाठी वापरतात. इंग्रजांच्या दबावाखाली शारजाच्या शेखाने मक्ता रद्द केला, आणि १९०७ मध्ये ‘लॅपविंग’ ही गनबोट शेखाच्या माणसांना घेऊन बेटावर गेली आणि कामगारांना तिथून हलवण्यात आले. रंगाच्या मातीसाठी गनबोट! इंग्रजांच्या तुलनेत जर्मनांचा व्यापार फारच थोडा होता. पण प्रत्येक वखारीमागे बर्लिनचा डाव आहे असे एकदा गृहीत धरले की गेरूही युद्धसामग्रीसारखा दिसू लागतो. आखातातल्या सीमा ठरवण्यात व्यापारापेक्षा या भीतीचा वाटा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे.

मुबारकने त्या भीतीची किंमत पुरेपूर वसूल केली. १९०७ मध्ये त्याने शुवैखचा किनारा इंग्रजांना भाड्याने दिला, वर्षाला साठ हजार रुपयांनी. आठ वर्षांपूर्वी त्याच्या सहीसाठी पंधरा हजार मोजले होते, तेही एकदाच.

२९ जुलै १९१३ रोजी इंग्रज आणि तुर्क यांच्यात करार झाला. कुवेत हे ऑटोमन (तुर्की) साम्राज्यातले स्वायत्त ‘कझा’, म्हणजे जिल्हा, असे त्यात लिहिले. नकाशावर लाल वर्तुळात शेखाची पूर्ण सत्ता आणि बाहेरच्या हिरव्या रेषेपर्यंत टोळ्यांकडून वसुलीचा हक्क. बुबियान आणि वारबा ही बेटे लाल भागात गेली. जून १९१४ मध्ये जर्मनांशीही मिटले. रेल्वे बसऱ्यालाच थांबेल, पुढे न्यायची तर इंग्रजांची संमती लागेल. पंधरा वर्षांचे भांडण कागदावर संपले आणि दोन महिन्यांच्या आत महायुद्ध पेटले. १९१३ चा करार मंजुरीविनाच राहिला.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड निघाली आणि ६ नोव्हेंबरला फावला उतरली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. पुढे १०३ आणि ११० या मराठा पलटणीही आल्या. डिव्हिजनचा बराच भाग कुत अल-अमाराच्या वेढ्यात अडकला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेला. दख्खन आणि कोकणातून भरती झालेले किती तरी जवान कैदेत मेले. कोणत्या रेल्वेच्या शेवटच्या स्थानकावरून ही ओढाताण सुरू झाली, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ती माणसे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फार थोडी दिसतात, आणि हे मला खुपते.

फावच्या तीन दिवस आधी इंग्रजांनी मुबारकला कळवले होते की कुवेत हे त्यांच्या संरक्षणाखालचे स्वतंत्र संस्थान मानले जाईल आणि त्याच्या खजुराच्या बागा करमुक्त राहतील. १९२२ मध्ये उकैरच्या परिषदेत इराकमधला इंग्रज हाय कमिशनर पर्सी कॉक्स याने कुवेतच्या दक्षिणेतला मोठा मुलूख नज्दचा राजा इब्न सौद याला देऊन टाकला. उत्तरेत मात्र १९२३ मध्ये त्याने १९१३ ची हिरवी रेषाच कायम ठेवली.

१९ जून १९६१ रोजी १८९९ चा करार संपून कुवेत स्वतंत्र झाले. सहाच दिवसांत इराकचा पंतप्रधान अब्दुल करीम कासिम याने कुवेत हा बसऱ्याचा भाग असल्याचे जाहीर केले. त्याचा आधार कायमकामी आणि कझा, कुवेतचा आधार लाल वर्तुळ. १९९० च्या आक्रमणानंतर संयुक्त राष्ट्रांनी सीमा आखायला समिती नेमली. सफवानच्या दक्षिणेला सीमा कुठून जाते हे ठरवण्यासाठी तिला जुन्या पत्रव्यवहारातून, इंग्रज अधिकाऱ्यांनी एके काळी वाळवंटात लावलेली एक पाटी नेमकी कुठे होती, याचा शोध घ्यावा लागला.