एआयला आधी विचारायचं की नंतर?

वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात जत्रांच्या दिवसांत रात्र रात्र दशावतार रंगतो. त्याला संवादांची लिखित संहिता नसते. कोणतं आख्यान करायचं ते ठरतं, कथेचे टप्पे बोलून घेतले जातात आणि मग राजा, राक्षस, नारद आपापली वाक्यं रंगमंचावर उभ्या उभ्या जुळवतात. हे जमतं, कारण पुराणकथा, त्यांतले प्रसंग, कोणत्या पात्राच्या तोंडी कशी भाषा शोभते, हे सगळं नटाच्या स्वतःच्या स्मरणात असतं. समोरच्या पात्राने अनपेक्षित प्रश्न टाकला, तर उत्तर त्या साठ्यातूनच निघतं. नवी कल्पना म्हणजे बहुतेक वेळा आधी माहीत असलेल्या दोन गोष्टींची नव्याने पडलेली गाठ. त्या दोन्ही गोष्टी फोनमध्येच राहिल्या, तर गाठ पडणार कुठे?

म्हणूनच चॅटजीपीटीसारखी साधनं वापरताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आपण आधी प्रयत्न केला की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं की, आयता वाचलेला शब्द जेवढा लक्षात राहतो त्याहून स्वतः शोधून पूर्ण केलेला शब्द अधिक लक्षात राहतो. शोधताना होणारी ती थोडीशी ओढाताण हाच शिकण्याचा भाग आहे.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सरावाच्या वेळी साधा एआय मदतीला दिला, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पुढे एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तेच विद्यार्थी एआय कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. आपलं शिकणं कमी झालंय, हे त्यांना जाणवलंही नव्हतं. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. तिसऱ्या गटाचा एआय मात्र उत्तर न सांगता इशारे देणारा होता. ती मुलं सरावात १२७ टक्क्यांनी पुढे गेली आणि परीक्षेतही त्यांचं फारसं नुकसान झालं नाही. म्हणजे साधन सरसकट वाईट नाही. उत्तर आयतं मिळालं की डोक्याचं काम थांबतं.

मुरलेल्या हातांनाही हा धोका असावा. पोलंडमध्ये कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांच्या हाती एआय आला. त्यानंतर एआयविना केलेल्या तपासण्यांत, पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर उतरलेलं दिसलं. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे सगळा दोष एआयवर टाकता येत नाही. पण दुर्लक्ष करावं असाही तो नाही.

लेखनाचं थोडं वेगळं आहे. २०२४ च्या एका प्रयोगात एआयकडून कल्पना घेतलेल्या लघुकथा वाचकांना सुटेपणी अधिक सरस वाटल्या, विशेषतः एरवी कमी सर्जनशील असलेल्या लेखकांच्या. पण त्या कथा एकमेकींसारख्या होऊ लागल्या होत्या. मालवणी गजालीचा तिरकसपणा असा सपाट झालेला मला तरी चालणार नाही. म्हणून पहिला खर्डा आपला, मोडकातोडका असला तरी. एआयला नंतर विचारावं, आणि तेही ‘लिहून दे’ असं नव्हे. ‘माझा मुद्दा कुठे लंगडा पडतोय ते सांग’ असं.

घरातल्या मुलांबरोबर करण्याजोगा एक सराव किनाऱ्यावर तयारच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून सरकते, म्हणून हा हिशेब चालतो. मुलांना तो आधी तोंडी करू द्यावा, वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि मगच फोनमधलं भरतीचं वेळापत्रक उघडावं. दोन्हींत फरक निघेलच. तो का पडला, याचा अंदाजही आधी मुलांनीच बांधावा: किनाऱ्याचा आकार, खाडीचं तोंड, समुद्राची खोली. एआयला त्यानंतर विचारायला काहीच हरकत नाही.