एल्फिन्स्टन नक्की कुठला? कॉलेजवाला की स्टेशनवाला

प्रभादेवी स्टेशनचं नाव जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं, आणि अजूनही कितीतरी लोक सवयीने एल्फिन्स्टनच म्हणतात. त्यावरून विषय निघाला की कोणीतरी हमखास ठोकून देतं, पेशवाई बुडवली तो हाच. अहो नाही! पेशवाई बुडवणारा वेगळा, स्टेशनवाला वेगळा. दोघंही मुंबईचे गव्हर्नर, दोघंही एकाच स्कॉटिश घराण्यातले, वर सख्खे काका-पुतणे, मग घोळ होणारच ना.

आधी आडनाव बघू. एल्फिन्स्टन हे मुळात गाव, एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोथियनमध्ये ट्रॅनंटजवळ, आजही आहे. चिपळूणचे ते चिपळूणकर तसं तिथल्या जमीनदारांनी गावचं नाव लावलं, तेराव्या शतकापासून कागदपत्रांत हे लोक दिसतात. पुढे झालं असं की मूळ गावची जमीन मुलीच्या लग्नातून जॉन्स्टन घराण्याकडे गेली, आणि पुरुषांकडची शाखा स्टर्लिंगशायरमध्ये एअर्थजवळ जाऊन बसली, तर तिथल्या जागेलाही यांनी एल्फिन्स्टनच नाव चिकटवलं. म्हणजे खुद्द स्कॉटलंडातही एल्फिन्स्टन टॉवर, म्हणजे या घराण्याच्या नावाच्या गढ्या, दोन! ईस्ट लोथियनवाल्यात १५४६ साली जॉर्ज विशार्ट या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाला पकडून ठेवलं होतं, नंतर त्याला सेंट अँड्र्यूजला नेऊन जाळलं. दुसऱ्या ठिकाणची इस्टेट अठराव्या शतकात डनमोरच्या अर्लने विकत घेतली आणि जागेचं नाव डनमोर करून टाकलं. नामांतराची हौस काय फक्त आपल्यालाच आहे का.

आता कळीचा मुद्दा, तो म्हणजे 'लॉर्ड'. १५१० च्या सुमारास राजा चौथ्या जेम्सने अलेक्झांडर एल्फिन्स्टनला लॉर्ड केलं (१५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत राजाही पडला आणि हा नवा लॉर्डही) आणि तेव्हापासून हा किताब वारसाने जातो, बाप गेला की थोरल्या मुलाकडे, बाकीची भावंडं नुसती नावाची एल्फिन्स्टन. माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, त्यामुळे तो कधीच लॉर्ड नव्हता. 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' असं कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याने दोघांची खिचडी केली आहे असं खुशाल समजा.

हा माउंटस्टुअर्ट, जन्म १७७९, म्हणजे काका. १८११ पासून पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई, मग दुसऱ्या बाजीरावाची सत्ता गेल्यावर इकडची व्यवस्था लावणं, साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवणं, हे सगळं याचं. १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. जाताना लोकांनी वर्गणी जमवली, त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं, तेच जिथे दादाभाई नौरोजी प्राध्यापक होते आणि बाबासाहेब शिकले. नंतर गव्हर्नर जनरलपद चालून आलं तरी यानं नाही म्हटलं आणि घरी बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. पेशवाई बुडवली म्हणून राग असणं समजू शकतो, पण माणूस अभ्यासू होता हे मान्य करायला हवं. तसं घराण्यात शिक्षणाचं वेड जुनंच, १४९५ साली ॲबरडीनचं विद्यापीठ स्थापन करणारा बिशपही विल्यम एल्फिन्स्टनच.

पुतण्या म्हणजे जॉन, तेरावा लॉर्ड, जन्म १८०७. माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा. तरुणपणी इंग्लंडच्या दरबारात होता, तेव्हा व्हिक्टोरियाशी काहीतरी आहे अशी कुजबुज होती आणि म्हणूनच १८३७ ला मद्रासचा गव्हर्नर करून लांब पाठवला म्हणतात, खरं-खोटं देव जाणे. १८५३ ते १८६० तो मुंबईला, म्हणजे १८५७ चा सगळा काळ त्याच्या डोक्यावर. एल्फिन्स्टन रोड त्याच्या नावाचा. फोर्टमधलं एल्फिन्स्टन सर्कल पण त्याचंच, जे आता हॉर्निमन सर्कल झालंय. माथेरानला साहेब लोकांचं हिल स्टेशन करायला सुरुवात झाली तीही याच्याच काळात.

काका-पुतण्या म्हटलं की आपल्याकडे भलतंच डोळ्यासमोर येतं, पण इथे भांडण वगैरे काही नाही, दोघांच्या मुंबईतल्या कारकिर्दीत पाव शतकाचं अंतर. काका नोव्हेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये वारला तेव्हा पुतण्या अजून इथे गव्हर्नर होता, आणि आठ महिन्यांत तोही गेला. दोघंही अविवाहित, त्यामुळे लॉर्डचा किताब चुलत भावाकडे.

आणि हो, १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघारी निघाला आणि ज्याची फौज वाटेत जवळजवळ पूर्ण कापली गेली तो जनरल एल्फिन्स्टन या दोघांपैकी कोणीच नाही, तो माउंटस्टुअर्टचा चुलत भाऊ विल्यम. इथेही लोक हटकून फसतात, कारण माउंटस्टुअर्टसुद्धा १८०९ साली इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत म्हणून काबूलच्या राजाला, शाह शुजाला भेटायला गेला होता, फक्त ती भेट पेशावरला झाली आणि तो धडधाकट परत आला.