लिनचा चेकसम: क्लासिक की एन्हान्स्ड?

लिन म्हणजे गाडीतल्या छोट्या कंट्रोलरना जोडणारी एकतारी बस. मास्टर हेडर पाठवतो, स्लेव्ह उत्तर देतो, आणि फ्रेमच्या शेवटच्या चेकसम बाइटवरून डेटा बरोबर आला का ते तपासतात. "स्कोपवर बाइट्स एकदम स्वच्छ दिसतायत, स्लेव्ह उत्तरही देतोय, पण मास्टर फ्रेम घेतच नाहीये" असं कोणी म्हणालं की मी आधी चेकसम कुठला ठेवलाय ते विचारतो, आणि ठरलेलं उत्तर येतं, "आमची लिन बस २.१ व्हर्जनची आहे ना, म्हणजे एन्हान्स्ड." अहो, बसचा कसला चेकसम? तो फ्रेमगणिक ठरतो!

क्लासिक तुम्हाला येतोच. डेटा बाइट्सची बेरीज, २५५ च्या वर गेली की हातचा परत मिळवायचा, शेवटी सगळे बिट उलटे. (हातचा सरळ सोडून देणारेही भेटतात, टेस्ट छोट्या आकड्यांवर केलेली असते त्यामुळे चूक दिसत नाही.) एन्हान्स्डमध्ये सगळं तेच, फक्त बेरजेत पीआयडीही धरायचा. पीआयडी म्हणजे हेडरमधला फ्रेमचा ६ बिटांचा आयडी अधिक त्याच्या तपासणीचे दोन पॅरिटी बिट, नुसता आयडी मिळवून चालत नाही. समजा आयडी १६ आहे, पॅरिटीसकट तो होतो ८०, आणि डेटा आहे १ आणि २. क्लासिकला बेरीज ३, उलटून २५२. एन्हान्स्डला ८३, उलटून १७२. आणि स्कोपवर २३६ दिसला तर समजा कोणीतरी पॅरिटी न लावता नुसता १६ मिळवलाय.

इथपर्यंत कोणी फारसं अडत नाही. घोळ होतो तो कुठला कधी वापरायचा यात. लिनच्या १.३ व्हर्जनमध्ये क्लासिकच होता, २.० मध्ये एन्हान्स्ड आला, एवढं वाचून लोक ड्रायव्हरच्या इनिटमध्ये एकदा बिट सेट करतात आणि विसरून जातात. पण डायग्नॉस्टिकचे दोन आयडी, ६० (मास्टरची रिक्वेस्ट) आणि ६१ (स्लेव्हचं उत्तर), यांना २.० नंतरही क्लासिकच लागतो. म्हणजे बसवर एकही जुना नोड नसला तरी मास्टरला दोन्ही चेकसम यायलाच हवेत. सगळीकडे एन्हान्स्ड लावलात तर सिग्नलच्या फ्रेम मस्त चालतात आणि डायग्नॉस्टिक मेलेलं, कारण ६० ची रिक्वेस्ट स्लेव्ह गुपचूप टाकून देतो आणि ६१ चा हेडर रिकामाच जातो. मग माणूस नॅड (म्हणजे स्लेव्हचा डायग्नॉस्टिक पत्ता) चुकला असेल म्हणून एकेक पत्ता ट्राय करत बसतो. मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत. सगळीकडे क्लासिक लावलात तर बरोबर उलटं, डायग्नॉस्टिक उत्तर देतंय आणि सिग्नल गायब. दोन्हीपैकी काहीही दिसलं तरी वायरिंग, पुलअप, बॉड रेट यांना हात लावू नका, निम्म्या फ्रेम चालतायत म्हणजे ते ठीक आहे.

त्यात एखादा १.३ चा स्लेव्ह त्याच बसवर असला तर त्याच्या फ्रेमनाही क्लासिक लागणार. हे एलडीएफमध्ये, म्हणजे बसचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, दिसतं, पण लोक फाइलच्या डोक्यावरचं व्हर्जन वाचून थांबतात. खाली नोड ॲट्रिब्यूट्समध्ये प्रत्येक स्लेव्हचा प्रोटोकॉल वेगळा लिहिलेला असतो, तो बघा.

आणि बसवरच्या फ्रेम दाखवणाऱ्या ॲनालायझरमध्ये चेकसम ऑटोवर ठेवायची सवय मला अजिबात आवडत नाही. ऑटोवाला दोन्ही चेकसम चालवून घेतो, स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि तिकडे स्लेव्ह फ्रेम टाकून देतोय. ऑटो बंद करा, प्रत्येक आयडीला हाताने सेट करा, मग लाल दिसेल तीच तुमची फ्रेम.