आधी आठवा, मगच पुसता येईल

प्रेमभंग झालेला जोएल ‘लॅक्युना’ नावाच्या कंपनीची पायरी चढतो. त्याची प्रेयसी क्लेमेंटाइन त्याला डोक्यातून पुसून आधीच मोकळी झालेली असते, आता त्याला तिला पुसायचं असतं. तिची आठवण करून देणारी घरातली प्रत्येक वस्तू घेऊन या, असं डॉक्टर बजावतात. मग तिचा फोटो असलेला मग, वहीतली चित्रं असं एकेक त्याच्यासमोर येतं आणि ते पाहताना मेंदूत कुठे हालचाल होते, याचा नकाशा काढला जातो. मिशेल गाँड्रीच्या ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’मधला (२००४) हा छोटासा प्रसंग विज्ञानाच्या दृष्टीने मला सगळ्यात पक्का वाटतो. आठवणी पुसायला रात्री डोक्यावर चढवलेलं ते शिरस्त्राण मात्र निव्वळ गंमत.

कारण आठवण मोडायची तर आधी ती जागी करावी लागते. एकदा मेंदूत मुरलेली आठवण पुन्हा हलत नाही, असं बरीच वर्षं मानलं जाई. २००० साली करीम नादेर, ग्लेन शॅफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून त्यापाठोपाठ विजेचा झटका दिला. पुढे नुसत्या आवाजानेही उंदीर जागच्या जागी थिजत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त आवाज ऐकवला आणि लगेच, भीतीचं कामकाज पाहणाऱ्या अमिग्डलामध्ये, नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. त्यानंतर त्या आवाजाला उंदीर फारसे भीक घालेनात. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी. म्हणजे वर काढलेली आठवण काही तास कच्ची असते आणि परत पक्की व्हायला तिला नवी प्रथिनं लागतात.

माणसांवर असलं जहाल औषध कोण वापरणार? ॲम्स्टरडॅममध्ये मानसशास्त्रज्ञ मेरेल किंट यांनी २००९ साली प्रोप्रॅनोलॉल वापरलं, रक्तदाबाची जुनी गोळी. जाळं विणणाऱ्या कोळ्याचं चित्र दिसलं की झटका बसतो, हे प्रयोगातल्या लोकांना नंतरही नीट आठवत होतं. दचकणं तेवढं गेलं. (पुढे इतरांना हे दर वेळी साधलेलं नाही.)

लॅक्युना नेमकं उलट विकते: प्रसंग गायब, भावना तिथेच. पुसून झाल्यावरही जोएल, ते दोघं जिथे पहिल्यांदा भेटले होते त्या माँटॉकची गाडी कारण नसताना पकडतो. हेही हवेतलं नाही. आयोवातल्या संशोधकांनी २०१० साली, हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाला, इजा झालेल्या पाच रुग्णांना करुण चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण त्यांची उदासी रेंगाळत राहिली.

मधेच जोएलला तिला पुसू द्यायचं नसतं. तो तिला स्वतःच्या बालपणात नेऊन लपवतो: प्रचंड स्वयंपाकघर, टेबलाखाली चिमुकला जिम कॅरी (जोएल झालेला नट), तोही मोठा सेट आणि कॅमेऱ्याचा कोन यांच्या करामतीने. आठवणींची अशी भेसळ खरोखर होते. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगात, ‘लहानपणी तू बाजारसंकुलात हरवला होतास’ ही थाप सुमारे पाव लोकांनी थोडीफार तरी आपली आठवण म्हणून स्वीकारली. लॅक्युनाच्या नकाशात मात्र क्लेमेंटाइन त्या स्वयंपाकघरात नसतेच. तंत्रज्ञांची तारांबळ उडते आणि डॉक्टरांना मध्यरात्री उठून यावं लागतं.