अझुमॅरिल : ग्रेट लीगमधील डावपेच

अझुमॅरिल हा पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेममालिकेतील, सशासारखे लांब कान असलेला निळा जलचर प्राणी असून, १९९९ साली जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत तो प्रथम दिसला. सुरुवातीला तो केवळ जल प्रकारात मोडत असे. २०१३ मधील ‘एक्स’ व ‘वाय’ या खेळांत परी हा नवा प्रकार आला तेव्हा तो जल-परी झाला आणि त्याचे नशीब पालटले. मूळ मालिकेत ‘ह्यूज पॉवर’ या उपजत गुणामुळे त्याचा शारीरिक हल्ला दुप्पट होतो. मोबाइलवरील ‘पोकेमॉन गो’ या खेळात मात्र असे उपजत गुणच नाहीत, त्यामुळे तेथे त्याचा हल्ला अगदी बेताचा राहतो. असे असूनही गोच्या ग्रेट लीग या सामन्यांच्या गटात तो वर्षानुवर्षे सर्वांत भरवशाच्या पोकेमॉनांपैकी एक मानला गेला. त्याची कारणे आणि त्याला खेळवण्याची रीत हा या नोंदीचा विषय आहे.

भारतात पोकेमॉन गो डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे आला. खेळाडूंमधील सामन्यांची सोय २०१८ च्या अखेरीस झाली, तर क्रमवारी असलेली ‘गो बॅटल लीग’ २०२० च्या आरंभी सुरू झाली. ग्रेट लीगमध्ये प्रत्येक खेळाडूकडे तीन पोकेमॉन आणि दोन शील्ड (मोठा हल्ला अडवणाऱ्या ढाली) असतात व कोणत्याही पोकेमॉनचा सीपी (ताकदीचा एकत्रित आकडा) १५०० च्या वर चालत नाही. अझुमॅरिलचे सारे महत्त्व या एका मर्यादेतून जन्मते.

सीपी काढताना हल्ल्याचा आकडा जसाच्या तसा धरला जातो, पण बचाव आणि दम यांची केवळ वर्गमुळे घेतली जातात. या तिघांचा गुणाकार पातळीच्या गुणकाच्या वर्गाने गुणून दहाने भागला की सीपी मिळतो. म्हणजे हल्ला वाढला की सीपी झपाट्याने चढतो, तर बचाव व दम यांची वाढ तुलनेने स्वस्तात पडते. अझुमॅरिलचे मूळ आकडे हल्ला ११२, बचाव १५२ व दम २२५ असे आहेत. मचँप या दुसऱ्या पोकेमॉनचा हल्ला २३४ आहे. तो १५०० च्या आत ठेवायचा तर सुमारे अठराव्या पातळीवरच थांबावे लागते आणि त्याच्याकडे जेमतेम सव्वाशे एचपी (मार सोसण्याचे गुण) उरतात. हल्ला ८, बचाव १५ व दम १५ अशी आयव्ही (मूळ आकड्यांत मिळवले जाणारे, प्रत्येक पोकेमॉनगणिक वेगळे ० ते १५ गुण) असलेला अझुमॅरिल मात्र चाळिसाव्या पातळीपर्यंत जातो, तेथे त्याचा सीपी बरोब्बर १५०० भरतो आणि एचपी १८९ असतात. कमी हल्ला हे येथे व्यंग नसून त्याचे भांडवल आहे, आणि हे एकदा मनात पक्के बसले की ग्रेट लीगचे निम्मे गणित उलगडते.

म्हणूनच चांगला मॅरिल (अझुमॅरिलचे आधीचे रूप) निवडताना ‘शंभर टक्के’, म्हणजे तिन्ही १५, अशा आयव्हीचा मोह टाळावा लागतो. ठाणे-नवी मुंबईच्या खेळाडूंच्या दृष्टीने यात एक खास अडचण आहे. खेळातील हवामान पावसाळी असेल तर जल प्रकाराला आणि ढगाळ असेल तर परी प्रकाराला बळ मिळते. असे बळ मिळालेल्या रानटी पोकेमॉनची प्रत्येक आयव्ही किमान ४ असते. जून ते सप्टेंबर या काळात येथे आभाळ बहुतेक भरलेलेच असल्याने त्या दिवसांत पकडलेल्या मॅरिलमध्ये ०, १ किंवा २ हल्ला सहसा सापडत नाही. तो उन्हाच्या दिवसांत शोधावा. अंड्यातून निघालेला अझुरिल (मॅरिलचे बालरूप) तर आणखी गैरसोयीचा, कारण त्याची कोणतीही आयव्ही १० च्या खाली जात नाही.

यावर उपाय म्हणजे ट्रेड, अर्थात दोन खेळाडूंमधील पोकेमॉनची अदलाबदल. ट्रेडमध्ये आयव्ही नव्याने ठरते. दोघांची खेळातील मैत्री पहिल्या टप्प्यावर असेल तर किमान आकडा १, आणि सर्वांत घट्ट मैत्रीत ५ असतो. येथे नवी ओळखच जास्त कामाची ठरते. दोघांच्याही नोंदीत असलेल्या साध्या पोकेमॉनच्या ट्रेडला केवळ १०० स्टारडस्ट (खेळातील चलन) लागतो, मात्र दोघांनी सहसा एकमेकांच्या जवळ असणे गरजेचे असते, आणि एकदा ट्रेड झालेला पोकेमॉन पुन्हा ट्रेड होत नाही. ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर किंवा वाशीच्या सागर विहारला दोघे खेळाडू फोन हातात घेऊन एकामागून एक मॅरिल देत-घेत बसले असतील, तर ते प्रत्येक वेळी हल्ल्याची पट्टी जवळपास रिकामी आहे का एवढेच पाहत असतात. ‘लकी’ ट्रेड (नशिबाने घडणारा, आयव्ही उंच देणारा ट्रेड) झाला तर इतरत्र आनंद होतो. येथे मात्र किमान १२ च्या अटीमुळे तो मॅरिल ग्रेट लीगसाठी जवळपास वाया जातो. तरीही अचूक आयव्हीसाठी महिनोन्‌महिने थांबणे शहाणपणाचे नाही. बचाव व दम चांगले असतील आणि हल्ला मध्यम असेल तर पडणारा फरक एखाद-दुसऱ्या सामन्यातच जाणवतो, तर खेळायला उशिरा सुरुवात केल्याचे नुकसान प्रत्येक सामन्यात होते.

प्रकारांच्या दृष्टीने अग्नी, जल, हिम, कीटक, अंधार व मल्ल या हल्ल्यांचा त्याच्यावर कमी परिणाम होतो आणि ड्रॅगनचा तर अगदी नगण्य. वीज, वनस्पती व विष हे तीन त्याचे शत्रू आहेत. त्याचा नेहमीचा संच बबल ही फास्ट मूव्ह (ऊर्जा साठवणारा झटपट हल्ला) आणि आइस बीम (हिम) व प्ले रफ (परी) या चार्ज्ड मूव्ह (साठलेली ऊर्जा खर्चून टाकायचे मोठे हल्ले) असा आहे. हंगामागणिक काही मूव्हचे आकडे बदलतात. येथे दिलेले आकडे दीर्घकाळ चाललेल्या संचाचे आहेत.

एक बबल दीड सेकंद घेतो आणि ११ ऊर्जा देतो. आइस बीमला ५५ ऊर्जा लागते, म्हणजे नेमके पाच बबल. प्ले रफला ६० लागते, म्हणजे सहा बबल आणि ६ शिल्लक. त्या शिलकीमुळे दुसऱ्या प्ले रफला पाचच बबल पुरतात, तिसऱ्याला पुन्हा सहा. प्रतिस्पर्धी हे बबल मोजत असतो हे गृहीत धरूनच खेळावे लागते. पाचव्या बबलला मूव्ह टाकली की ती आइस बीमच असणार हे त्याला कळते आणि शील्ड वापरायची की नाही हे तो निश्चिंतपणे ठरवतो. सहाव्यापर्यंत थांबले तर दोन्ही शक्यता खुल्या राहतात, शिवाय आइस बीम टाकल्यास उरलेली ११ ऊर्जा हातात राहते. समोर वनस्पती-विष प्रकारचा व्हीनसॉर असेल तर आइस बीम दीडपटीहून अधिक लागते आणि प्ले रफ उलट कमी, त्यामुळे या अनिश्चिततेला तेथे खरी किंमत येते. घाईने पाचव्याला बोट लावणे ही नवख्यांची सर्वांत महागडी सवय आहे. अपवाद एकच : समोरचा त्या आइस बीमने पडणारच असेल आणि त्याच्याकडे शील्ड उरली नसेल, तर थांबू नये.

ड्रॅगन-उड्डाण प्रकारची अल्टारिया समोर आली तर अझुमॅरिलने जागा सोडू नये. तिचा ड्रॅगन ब्रेथ हा हल्ला त्याला फारसा लागत नाही, आणि ड्रॅगन व उड्डाण या दोन्ही प्रकारांना हिम घातक असल्याने शील्ड नसताना एकच आइस बीम तिची निम्म्याहून अधिक शक्ती घेते. जल-वीज प्रकारच्या लँटर्नसमोर मात्र लगेच बाहेर पडावे : जल आणि हिम दोन्ही तिच्यावर निष्प्रभ ठरतात आणि तिची वीज भाजून काढते. प्ले रफऐवजी ७५ ऊर्जेचा हायड्रो पंप हा जल हल्ला शिकवणारे खेळाडू पोलादी प्रतिस्पर्ध्यांचा विचार करतात. तेथे प्ले रफ बोथट ठरते.

कमी हल्ल्याची एक किंमतही आहे. दोघांनी एकाच क्षणी चार्ज्ड मूव्ह टाकली तर ज्याचा हल्ला जास्त त्याची आधी जाते, आणि हा मान अझुमॅरिलला क्वचितच मिळतो. म्हणून दोघेही शेवटच्या घटका मोजत असताना बरोबरीवर विसंबू नये. सामन्याचे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे असल्याने नेटवर्कही निर्णायक ठरते; गाडी बोगद्यात शिरण्याआधी सामना संपवावा किंवा सुरूच करू नये.

जोडीदार म्हणून गॅलेरियन स्टन्फिस्क उत्तम, कारण भूमी-पोलाद प्रकारामुळे वीज व विष त्याच्यावर चालत नाहीत आणि अझुमॅरिलला छळणारे अनेकजण त्याच्या मातीच्या हल्ल्यांना बळी पडतात. वनस्पती प्रकारासाठी अग्नी-उड्डाण प्रकारचा टॅलनफ्लेम उपयोगी पडतो. अझुमॅरिल सुरुवातीला चालतो, पण त्याचा खरा कस शेवटी लागतो, जेव्हा दोन्ही बाजूंच्या शील्ड संपलेल्या असतात आणि १८९ एचपी शांतपणे झिजवत राहण्याला मोल येते.

अल्ट्रा लीगची मर्यादा २५०० आहे. पूर्ण आयव्हीचा अझुमॅरिल पन्नासाव्या पातळीवरही १७९५ च्या पुढे जात नाही, त्यामुळे तेथे व सीपीची मर्यादा नसलेल्या मास्टर लीगमध्ये त्याचा उपयोग नाही.