लॉनमधली हरळी की लव्हाळा? उपटण्याआधी देठ चिमटीत धरून बघा

पावसाळ्यात लॉन कापून तीन-चार दिवस होत नाहीत तोच काही पाती बाकीच्या गवताच्या वर डोकं काढतात. हा बहुतेक लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. हरळी आडवी पळते, पेरापेराला मूळ धरते. दोन्हींना ‘चिवट गवत’ म्हणून एकच उपाय केला की फसगत ठरलेली.

फुलाचा देठ चिमटीत फिरवा. लव्हाळ्याच्या तीन कडा बोटाला लागतात. आडवा कापला तर भरीव त्रिकोण दिसतो. तुरा तांबूस-जांभळट. हरळीचा देठ गोलसर, पेरांचा. तुऱ्याच्या तीन ते सहा काड्या एकाच जागेतून बोटांसारख्या फुटतात.

खरा फरक मातीखाली. लव्हाळ्याच्या काळपट, सुवासिक गाठींची माळ असते. ओढला की पाला हातात येतो, गाठ खालीच राहते. त्यात माळ तुटली की इतके दिवस निजलेल्या गाठीही फुटतात, म्हणून उपटल्यावर तो दुप्पट झाल्यासारखा वाटतो. वाफ्यात वीतभर खणून, माती चाळून गाठी वेचा. नवा फुटवा दर दोन-तीन आठवड्यांनी, नव्या गाठी धरायच्या आत, काढत राहा. काळं प्लास्टिक अंथरू नका. लव्हाळ्याचा टोकदार कोंब ते सहज भोसकतो. हरळी मात्र त्याखाली उजेडाविना खंगते.

लॉनमध्ये लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक चालतं. आपल्याकडे ते उसासाठी विकलं जातं, हेक्टरी ९० ग्रॅम; म्हणजे हजार चौरस फुटांना जेमतेम ०.८ ग्रॅम. अंदाजाने चिमूट टाकू नका, दागिन्यांच्या काट्यावर तोला. फवारणीआधी आणि नंतर दोन दिवस लॉन कापू नका. पिवळेपणा यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर दुसरा हात मारायची घाई नको.

हरळीवर या औषधाचा उपयोग नाही. रुंद पानांच्या फुलझाडांत ती शिरली असेल तर क्विझॅलोफॉप इथाईल ५ टक्के, लिटरला २ मिली. पुन्हा फुटली तर पुन्हा. लॉनवर एक थेंबही नको, तेही गवतच! हाताने काढायची तर एप्रिल-मेमध्ये कोरड्या मातीत खणा आणि मुळ्या उन्हात कडक वाळवा. ओल्या मातीत कुदळीने तुकडे केले की प्रत्येक पेर नवं रोप होतं. तुमचं लॉन ‘सिलेक्शन वन’चं असेल तर ते हरळीच्याच जातीचं, तिथे तिला काढण्यात अर्थ नाही. गणपतीसाठी दूर्वा हव्यात तर ती कुंडीत लावा.