पाहुण्या विंडोजच्या आज्ञा कोण पाळतो?

युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी संकेतपद्धत रुळण्यापूर्वी संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर आजही अनेकांकडे पडून आहे. तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवला ते जुन्या विंडोजसाठी बनलेले आणि आताचा संगणक लिनक्सवर चालणारा, अशी अडचण आली की व्हर्च्युअल मशीन वापरण्याचा सल्ला मिळतो. लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम घेऊन एक आभासी संगणक तयार करायचा, त्यात विंडोज बसवायचे आणि त्या विंडोजमध्ये आपले सॉफ्टवेअर चालवायचे. त्यावर पुष्कळ जण म्हणतात की संगणकात दुसऱ्या संगणकाची नक्कल करायची, म्हणजे काम अतिशय संथ होणार. हा समज बहुतांशी चुकीचा आहे.

आभासी संगणकात बसवलेली विंडोज ही पाहुणी आणि खरा संगणक हा यजमान. या पाहुण्या विंडोजच्या बहुसंख्य आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतात. बेरीज विंडोजने सांगितली काय किंवा लिनक्सने, प्रोसेसरच्या लेखी ती बेरीजच असते. प्रश्न असतो तो मोजक्या आज्ञांचा. आपल्या नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या ० ते ३ अशा चार पातळ्या असतात. सर्वाधिक अधिकाराच्या शून्य पातळीवर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा चालतो आणि तिसऱ्या पातळीवर आपले प्रोग्रॅम. मेमरीची वाटणी बदलण्यासारख्या आज्ञा फक्त शून्य पातळीला देता येतात. पाहुण्या सिस्टिमला मुद्दाम कमी अधिकाराच्या पातळीवर ठेवले, तर तिने अशी आज्ञा देताच प्रोसेसर ती अडवतो आणि सूत्रे हायपरव्हायजर या देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातात. तो त्या आज्ञेचा परिणाम केवळ आभासी संगणकापुरता घडवतो आणि पाहुणीला पुढे चालू देतो. आयबीएमने १९६०च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांवर आभासी यंत्रे चालवून दाखवली होती.

यासाठी प्रोसेसर कसा असावा लागतो, हे पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये नेमके मांडले : यंत्राची अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा कमी अधिकाराच्या पातळीवरून आली, तर ती अडवली गेलीच पाहिजे. एक्स८६ या कसोटीला उतरत नव्हता. त्यातील पॉपएफ ही आज्ञा मेमरीतून काही बिट (० किंवा १ असे अंक) उचलून प्रोसेसरच्या स्थितिदर्शक नोंदीत भरते, आणि कीबोर्ड किंवा डिस्ककडून येणारे व्यत्ययसंकेत स्वीकारायचे की नाहीत, हे ठरवणारा बिटही त्याच नोंदीत असतो. पुरेसा अधिकार नसताना ही आज्ञा दिली, तर प्रोसेसर तक्रार करत नाही. तो बिट तसाच ठेवून मुकाट्याने पुढे जातो. पाहुण्या सिस्टिमला वाटते की संकेत बंद झाले, हायपरव्हायजरला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही, आणि दोघांचे हिशेब तिथून फाटतात. पेंटियममध्ये अशा सतरा आज्ञा मोजल्या गेल्या होत्या.

यावर व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेला उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. पाहुण्या सिस्टिमच्या गाभ्यातील आज्ञांचा एकेक लहान तुकडा चालण्याआधी वाचायचा, त्यातील धोकादायक आज्ञांच्या जागी सुरक्षित आज्ञा घालायच्या आणि झालेले रूपांतर पुन्हा वापरण्यासाठी साठवून ठेवायचे. तिसऱ्या पातळीवरचे सामान्य प्रोग्रॅम मात्र थेट चालू द्यायचे. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच स्वतंत्र सोय दिली, त्यामुळे आता पाहुणीचा गाभाही शून्य पातळीवर चालतो आणि गरज पडेल तिथे प्रोसेसर स्वतः हायपरव्हायजरला जागा देतो.

मात्र दोन्ही सिस्टिम एकाच कुळातील प्रोसेसरसाठी असाव्या लागतात. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेच्या प्रोसेसरवर एक्स८६ची जुनी विंडोज चालवायची, तर तिची प्रत्येक आज्ञा दुसऱ्या भाषेत न्यावी लागते, आणि संथपणाची भीती तिथे खरी ठरते.

व्हर्च्युअल मशीनमधून व्हायरस बाहेर येऊच शकत नाही, ही जाहिरातबाजीही मान्य करू नये. २०१५ मध्ये उघड झालेला ‘व्हेनम’ हा दोष आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होता आणि त्यातून यजमान संगणकापर्यंत पोहोचता येत होते. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची सर्वसाधारण दुरुस्ती मिळत नाही. म्हणून जुना मजकूर उघडण्यासाठी ती पाहुणी म्हणून बसवलीत, तर आभासी यंत्राचे नेटवर्क बंद ठेवावे आणि फाइल नेण्या-आणण्यासाठी एकच सामायिक फोल्डर द्यावे.